अधिवेशन नागपूरला भरते

आमच्या बी.एड. कॉलेजात मध्यंतरी एक चमत्कार घडला. ज्या पोरापोरींना रजेचा अर्ज धड लिहिता येत नव्हता, त्यांची पाठ टाचणं अचानक पुणेरी बोलायला लागली. "विद्यार्थ्यांमधील जिज्ञासा जागृत करणे" काय, "अनुभवाधिष्ठित अध्ययनाची संधी उपलब्ध करून देणे" काय! पाठ टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवायचं, कुठला प्रश्न कधी विचारायचा, फळ्यावर काय लिहायचं याची आधी लिहून काढलेली तयारी. पूर्वी ती तपासताना माझी लाल शाई संपायची. आता चूक म्हणून सापडेना. सगळ्या वर्गाची टाचणं एका आईच्या पोटची असल्यासारखी दिसायला लागली, आणि ती आई कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बसलेली होती.

मी बेळगावातल्या या कॉलेजात समाजविज्ञान कसं शिकवावं ते शिकवते. मूळची निपाणीची, म्हणून माझं तोंड तिखट आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणू देत. गोड बोलून ज्यांनी नोकऱ्या काढल्या त्यांनी काय दिवे लावले ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या यंत्राशी माझं वैर नव्हतं. उलट, पोरं ते चोरून वापरतात कारण आपण उघड वापरायला शिकवत नाही, असं माझं म्हणणं होतं. मी प्राचार्यांकडे आठवड्याला एक तास मागितला. त्या तासात करायचं एवढंच होतं, की यंत्रानं लिहिलेलं टाचण फळ्यावर घ्यायचं, हातात सरकारी पाठ्यपुस्तक धरायचं आणि एकेक ओळ अडवायची. हे खरं कशावरून? हे कुठल्या गावचं? माझ्यासमोर बसलेल्या पोराला हे लागू पडतं का? वर्षभर हे केलं असतं तर पोरांच्या अंगवळणी पडलं असतं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, टाइमटेबलमध्ये जागा कुठाय?" जागा नव्हती हे खरंच. स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम महिनाभर चालायला मात्र होती.

मग वरून परिपत्रक आलं, की भावी शिक्षकांना ए.आय.चा जबाबदार वापर शिकवावा. मी सांगितलं तेव्हा ती कटकट होती, वरून आलं तेव्हा तो प्रसाद झाला. एका दिवसाची कार्यशाळा ठरली. मोठा बॅनर लागला, त्यावर प्राचार्यांचा फोटो पाहुण्यांच्या फोटोपेक्षा मोठा. पाहुणे बेंगळुरूहून आले होते. लॅपटॉप जोडायलाच पाऊण तास गेला. मग त्यांनी हे यंत्र जग कसं बदलणार ते सांगितलं, शिक्षकांनी घाबरू नये हेही सांगितलं. पोरांपैकी कुणी घाबरलेलं मला तरी दिसलं नाही, अर्धे जण टेबलाखाली मोबाइल बघत होते.

शेवटी "एनी क्वेश्चन?" झालं. मागच्या रांगेतून एक पोरगी उठली. किडकिडीत, ओढणी खांद्यावर पिनेनं घट्ट लावलेली. "सर, त्यानं सांगितल्यालं खरं हाय का खोटं, ह्ये आमी कसं वळकायचं?"

"व्हेरी गुड क्वेश्चन," पाहुणे म्हणाले. त्यांनी सगळ्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मग चहा आला. चहानंतर हात पुढे करून सगळ्यांनी शपथ घेतली, की आम्ही ए.आय.चा वापर जबाबदारीने करू. ग्रुप फोटो झाला. त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ते राहिलंच, आणि पुढं जे काही झालं ते त्या राहिलेल्या उत्तरापायी झालं असं मी मानते.

कार्यशाळेनंतर प्राचार्यांना वाटलं, की आपल्याकडूनही काहीतरी कडक पाऊल पडलं पाहिजे. त्यांनी नियम काढला. यापुढे छापील टाचण चालणार नाही, प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहायचं. हाताचं अक्षर म्हणजे माणसाचं डोकं, असा हिशेब. अंतिम पाठ परीक्षेची टाचणं तर ते स्वतः तपासून सही करणार होते. पोरांनी काय केलं असेल ते सांगायला नको. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यावरचं सगळं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलं. प्राचार्य पानं उलटायचे, अक्षर बघायचे आणि सही ठोकायचे. एकदा मी म्हटलं, "सर, आत काय लिहिलंय तेही बघा की." ते म्हणाले, "मॅडम, विश्वास नावाची काही गोष्ट असते."

प्रश्न विचारणारी ती पोरगी बेळगावातल्याच विणकरांच्या वडगावची. घरात पुढच्या खोलीत माग, मधल्या खोलीत माणसं. मी एकदा तिच्या घरी गेले होते. तिची आई दारात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती, वडील मागावर, आणि ही पोरगी भिंतीला टेकून त्या खडखडाटात मोठमोठ्यानं टाचण पाठ करत होती. शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागेल असा तो आवाज. मी म्हटलं, "अगं, इथं कसं डोक्यात शिरतं तुझ्या?" तर हसून म्हणाली, "म्याडम, मागाच्या आवाजात पाठ केल्यालं कुटंबी इसरत न्हाय बघा." तिच्या घराण्यात शाळेच्या पुढं गेलेली ती पहिलीच. वडगावातल्याच एका खाजगी मराठी शाळेनं तिला सांगून ठेवलं होतं, की पास हो आणि जूनमध्ये ये. आमच्याकडं मराठी शाळेत जागा निघणं किती दुर्मिळ, हे इथल्याच माणसाला कळेल. पोरगी त्या जूनवर डोळे लावून बसली होती. तिचे आप्पा, म्हणजे वडील, तर गल्लीत आधीच "आमच्या बाई" म्हणून तिची ओळख करून द्यायला लागले होते.

अंतिम पाठाला तिला सातवीचा धडा आला. राज्याचा कारभार. विधानसभा, विधान परिषद, मंत्रिमंडळ, अधिवेशन. कर्नाटकातल्या मराठी शाळांची पुस्तकं कन्नडातून मराठीत आणलेली असतात. त्यांची भाषा अशी, की वाक्य वाचून संपेपर्यंत सुरुवात विसरावी. त्यापुढं यंत्राची मराठी म्हणजे साजूक तूप. तिनं मोबाइलला मराठीत सांगितलं, की आपल्या राज्याच्या विधिमंडळावर सातवीसाठी टाचण दे. यंत्रानं दिलं. मराठीत विचारणारं माणूस महाराष्ट्राबाहेर कशाला असेल, असं त्या यंत्राला वाटलं असावं. त्यात महाराष्ट्र हा शब्द एकदाही नव्हता. सगळीकडं "आपले राज्य, आपले राज्य" असंच होतं. म्हणूनच तर घात झाला.

परीक्षेची शाळा हलग्याच्या बाजूला एका गावात होती. सरकारी मराठी शाळा. सकाळी आम्ही महामार्गानं गेलो. त्या रस्त्यानं जाताना सुवर्ण विधानसौध चुकवायची म्हटली तरी चुकत नाही, उघड्या माळावर पांढरीशुभ्र बसली आहे. दर हिवाळ्यात कर्नाटकाचं सरकार बेंगळुरूहून उठून तिथं अधिवेशनाला येतं. बेळगाव कर्नाटकाचंच आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून ती बांधली, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अधिवेशन असलं की रस्ते अडवतात, बसगाड्या वळवतात आणि आमचं अख्खं शहर शिव्या देतं. पोरगी माझ्या शेजारीच बसली होती. ओठ हलत होते, डोळे मिटलेले. ती इमारत बाजूनं गेली तेव्हाही मिटलेलेच होते.

परीक्षक धारवाडकडचे होते. कन्नड माणूस, पण मराठी चांगलं समजायचं. मी त्यांच्याशेजारी मागच्या बाकावर बसले. एक प्रशिक्षणार्थी मुलगा मोबाइलवर पाठाचं चित्रण करत होता, कारण रेकॉर्डला ते लागतं. पाठ सुरू झाला आणि मी मनातल्या मनात खूश झाले. आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर देखणं, टाचणाकडं एकदाही बघितलं नाही. परीक्षकही मान हलवत होते. मग ती म्हणाली, "आणि आपल्या राज्याचे हिवाळी अधिवेशन उपराजधानी नागपूर येथे भरते." म्हटलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात "नागपूर" लिहून खाली रेघ ओढली.

माझ्या शेजारी परीक्षकांचं पेन थांबलं.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, कानात बारक्या रिंगा. हात वर करायचंही तिला सुचलं नाही. "बाई, अधिवेशन हितंच भरतंय की. त्या पांढऱ्या बिल्डिंगीत. तवा पोलीस आमास्नी रानात जायाला बी सोडत न्हाईत." वर्ग हसला. कुणीतरी "व्हय बाई, व्हय" म्हणालं.

मी आमच्या पोरीच्या तोंडाकडं बघत होते. तिला कळलं होतं. एका क्षणात तिला सगळं कळलं होतं, मी छातीठोकपणे सांगते. त्या वेळी ती हसून म्हणाली असती, "अगं खरंच की, माझं चुकलं, शाबास," तर सगळं निभावलं असतं. पण परीक्षेच्या पाठात अडखळलं की गुण जातात, वर्गावरचा ताबा सुटलेला दिसता कामा नये, टाचण सोडायचं नाही, हे वर्षभर आम्हीच तिच्या डोक्यात भरलेलं. आणि मागाच्या खडखडाटात पाठ केलेलं ते. ती म्हणाली, "ते वेगळं. आपण राज्याचं शिकतोय ना? खाली बस."

ती बारकी पोरगी खाली बसली. जिच्या बापाचं रान त्या इमारतीला लागून आहे, जिनं पोलिसांचे अडथळे ओलांडून भाकरी नेली आहे, तिला तिच्या बाईनं सांगितलं, की तू पाहिलेलं ते वेगळं.

नंतर लोकांनी मला किती वेळा विचारलं, की रोज ती इमारत बघणाऱ्या पोरीनं नागपूर म्हणावंच कसं? विचारणारे लांबचे असतात. आमच्या घराघरांतल्या टीव्हीवर मुंबईच्या बातम्या चालू असतात. हिवाळा आला की नागपूरचं अधिवेशन, त्यातला गोंधळ, सभात्याग, हे सगळं आम्ही जेवताना ऐकतो. लहानपणापासून कानावर पडलेलं वाक्य यंत्रानं तिच्यापुढं ठेवलं, ते तिला खोटं वाटणार कसं? आमचे कान एका राज्यात आणि पाय दुसऱ्या राज्यात असतात. कानानं शिकलेलं पायांना विचारून बघायचं, एवढंच तिला कुणीतरी शिकवायला हवं होतं. तोच तर तास मी मागत होते.

पाठ संपल्यावर परीक्षक मला व्हरांड्यात म्हणाले, "नागपूरचं सोडा मॅडम. चुकीची माहिती मी पण दिलीय कधी कधी. पण त्या लेकराला खाली बस म्हणाल्या बघा, ते वाईट झालं." मी म्हटलं, अगदी हेच माझ्या मनात आहे. ते म्हणाले, तिला बोलावून नीट सांगतो, गुण थोडे कापतो, पण मुलगी चांगली आहे, पास करतो. माणूस भला होता. त्याच्या भलेपणाची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच होती, एवढंच.

कारण तोवर तो व्हिडिओ फुटला होता. रेकॉर्ड करणाऱ्या मुलानं गंमत म्हणून तेवढा तुकडा कुणाला तरी पाठवला. त्यात त्या लहान मुलीचं बोलणं कापलेलं होतं. नुसती आमची पोरगी, फळ्यावर "नागपूर", आणि "आपल्या राज्याचे हिवाळी अधिवेशन". दुसरीकडं कुठं हे झालं असतं तर लोक हसले असते आणि विसरले असते. आमच्याकडं चूक नुसती चूक राहत नाही, ती लगेच कुठल्या तरी बाजूची होते.

सकाळीच वडगावात तिच्या दारात बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्यांचा एक पुढारी आला, सोबत दहा-बारा पोरं, शाल, नारळ, हार. मला तिनं घाबरून फोन केला, म्हणून मीही गेले. तिच्या आप्पांनी पाहुणे आले म्हणून माग बंद केला होता. पुढारी म्हणत होता, "पोरी, सरकारी शाळेत उभं ऱ्हाऊन तू डंके की चोट पे सांगितलंस, आपलं राज्य कंचं त्ये! वाघीण हाईस वाघीण!"

पोरगी हात जोडून म्हणाली, "अण्णा, मी काय मुद्दाम म्हटलं न्हाय वो. त्ये मोबाइलमदनं आलतं. चुकून झालंय."

"चुकून म्हनू नकोस. असं कुटं बोलू नकोस गं. खरं त्येच तुज्या तोंडातनं आलंय."

"खरं न्हाय त्ये, अण्णा. अधिवेशन हितं भरतंय."

पुढाऱ्याला ते ऐकायचंच नव्हतं. ती शाल घेईना, म्हणून त्यानं ती तिच्या आप्पांच्या खांद्यावर टाकली आणि फोटो काढून घेतला. आप्पा बिचारे बनियनवर होते. ते गोंधळून हसले, आणि तो हसरा फोटो दुपारपर्यंत गावभर झाला. मी मध्ये पडून बोलायला गेले, तर मला म्हणाला, "म्याडम, तुमी शिकल्याली मानसं लई भित्री." मग गाडीत बसून निघून गेला. नंतर या पोरीचं काय झालं ते विचारायला तो एकदाही फिरकला नाही.

फोटो फिरल्यावर दुसऱ्या बाजूचे लोक कॉलेजच्या गेटवर आले. त्यांचीही पोरं तेवढीच, त्यांचेही मोबाइल तेवढेच, फक्त घोषणा कन्नडात. राज्याचा अपमान करणाऱ्या विद्यार्थिनीला काढून टाका, असं निवेदन दिलं. प्राचार्यांची तंतरली. एवढा मोठा माणूस, खुर्चीत मावेना असा, पण त्या दिवशी टेबलामागं निम्मा दिसत होता. परीक्षकांना त्यांनीच फोन केला. काय बोलणं झालं मला माहीत नाही. संध्याकाळी निकालपत्रकात पोरीच्या नावापुढं अनुत्तीर्ण आलं. मी परीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, मला पण बायको-मुलं आहेत." फोन ठेवला. मी त्यांना दोष देत नाही असं म्हणायला पाहिजे, पण देते. देणारच.

मी टाचणाची वही घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. पान उघडून समोर ठेवलं. "सर, हे बघा, नागपूर. आणि ही खाली तुमची सही. तपासले, योग्य आहे."

"मी अक्षर तपासलं होतं."

"मग अक्षर नापास करा, पोरीला कशाला?"

ते चिडले. "मॅडम, तुम्ही याला राजकीय वळण देऊ नका. कॉलेजनं कार्यशाळा घेतली होती, शपथ दिली होती. तरी तिनं यंत्राकडून लिहून घेतलं. ही सरळसरळ मस्ती आहे." कार्यशाळेचा अहवाल त्यांनी मला दाखवला. भाषा ओळखीची होती. "भावी शिक्षकांमध्ये जबाबदार वापराची जाणीव जागृत करणे." तोही त्याच आईच्या पोटचा. बोलून पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं होतं.

ठरलं असं, की पोरीनं लेखी माफीनामा द्यायचा. तो दिला तर कॉलेजातून काढणार नाहीत, पुढच्या वर्षी पाठ परीक्षा परत देता येईल. म्हणजे जून गेला. वडगावच्या त्या खाजगी शाळेनं जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायची ठरवलीच होती, वादातली बाई त्यांनाही नको होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ती आली तेव्हा सोबत आप्पा होते. धुतलेला शर्ट घातलेला, हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. प्राचार्यांनी टाइप केलेला कागद तिच्यापुढं सरकवला आणि पेन दिलं. "इथं सही कर. गेटवरच्या लोकांना आजच प्रत द्यायची आहे."

पोरीनं पेन घेतलं नाही. कागद उचलला आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. ओळीखाली बोट धरून, सावकाश, पहिलीतलं पोर वाचतं तशी. प्राचार्य घड्याळ बघत होते. आप्पा हळूच म्हणाले, "कर की गं सही, सर थांबल्यात." तिनं मान वर केली नाही. मधल्या परिच्छेदावर बोट थांबलं. ते मागं गेलं, परत तिथंच आलं.

"सर," ती म्हणाली, "हितं महाराष्ट्र शासन लिवलंय."

"काय?"

"महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाच्या नियमांचा माझ्याकडून भंग झाला. असं हाय ह्येच्यात."

प्राचार्यांनी कागद ओढून घेतला. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि मला लपवायचं नाही, मला त्या वेळी आनंद झाला. कडूजहर आनंद. मराठीत माफीनामा मागितला होता त्यांनी, मग यंत्रानं त्यांनाही त्याच राज्यात नेऊन बसवलं. हा कागद गेटवर गेला असता तर त्यांचीच खुर्ची राहिली नसती. पोरीनं त्यांना वाचवलं होतं.

"टायपिंग मिस्टेक आहे," प्राचार्य म्हणाले.

तिनं केली तेव्हा मस्ती, राज्याचा अपमान. यांनी केली तेव्हा टायपिंग मिस्टेक. मी मोठ्यानं म्हणणारच होते, पण पोरीनं माझ्याकडं बघून मान हलवली. नको म्हणून. आप्पांच्या देखत तिला आणखी काही नको होतं. कागद दुरुस्त होऊन आला. तिनं तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली. आमच्या कॉलेजात त्या वर्षी शिक्षक व्हायला जेवढे बसले होते, त्यांत यंत्रानं लिहिलेलं कसं वाचावं हे शिकलेली ती एकटी. आणि तीच नापास.

बाहेर झाडाखाली आप्पा सायकल काढत होते. ती मला म्हणाली, "म्याडम, एक काम हाय. त्या शाळंत मला आता जायाला न्हाय, लिवून घेतलंय माज्याकडनं. तुमी गेला तर त्या बारक्या पोरीला तेवढं सांगा. तुजं बरोबर होतं म्हणावं. बाईचं चुकलं म्हणावं." मग थांबून म्हणाली, "मी खाली बस म्हटलं तिला. त्येच सारखं आठवतंय." तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं ते तेव्हा. एवढ्या सगळ्या प्रकरणात त्या लेकराची आठवण ठेवणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. तिला मास्तरकी जमणार नाही असं ज्यांनी कागदावर लिहिलं, त्यांना मी काय म्हणू?

मी गेले. पुढच्याच आठवड्यात, बसनं. शाळेचे हेडमास्तर ओळखीचे होते, बसा म्हणाले, चहा मागवला. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, तो विषय नको. वरून दोनदा विचारणा झाली, कोण मुलगी बोलली, काय बोलली. तिच्या बापाला बोलावून समजावलंय. या धड्यावर कुणीही आलं, काहीही विचारलं, तरी काही बोलायचं नाही असं सगळ्या वर्गाला सांगितलंय."

"मला फक्त तिला शाबासकी द्यायची आहे," मी म्हटलं. "दोन मिनिटं."

नाइलाजानं त्यांनी तिला बोलावलं. आली. त्याच दोन वेण्या, त्याच रिंगा. तिनं मला ओळखलं, पण हसली नाही, हेडमास्तरांच्या टेबलाकडं बघत उभी राहिली. मी तिला जवळ घेतलं आणि निरोप सांगितला. म्हटलं, "त्या दिवशीच्या तुझ्या बाईनं सांगितलंय, तुझं बरोबर होतं. चुकलं बाईचं." ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, लाजतेय. इतकी वर्षं वर्गात काढलेलं माणूस मी, तोंड उघडायला लावायची सवय जाते कुठं? ऑफिसच्या दारातून रानापलीकडं ती पांढरी इमारत लख्ख दिसत होती. तिकडं बोट करून मी म्हटलं, "आता तूच मला सांग बघू बाळ, अधिवेशन कुठं भरतं?"

तिनं इमारतीकडं बघितलं, मग हेडमास्तरांकडं, मग खाली जमिनीकडं.

"म्हाईत न्हाय, बाई."

"शाबास," हेडमास्तर म्हणाले. "जा आता वर्गात."